नवव्या ओळीतली टिकली

“दुसरं,” मी म्हणाले. बाईंनी वहीत रेघ मारली.

“पुढचा?”

“दुसरं.”

“पुढचा?”

“दुसरं.”

सांगलीला नर्सिंग कॉलेजच्या आवारात बाईंची खोली होती. तिथं फरशीवर बसून मी एकेक कागद उचलत होते आणि नवव्या ओळीत कितव्या चित्राखाली टिकली चिकटवली आहे ते सांगत होते. बाई त्या कॉलेजात शिकवायच्या. आम्हा बावीस दायांना त्यांनीच तीन दिवस शिकवलं होतं आणि त्यावर एका इंग्रजी मासिकाला लेख पाठवला होता. नर्सांना, दायांना कसं शिकवावं याचंच ते मासिक. लेख मासिकवाल्यांना पसंत होता, पण त्यांनी तक्ता मागितला होता. प्रत्येक प्रश्नाला आधी किती जणींचं बरोबर आलं आणि शिकवल्यावर किती जणींचं. म्हणून हे मोजणं चाललं होतं.

आठ ओळी होईपर्यंत बाई खुशीत होत्या. नवव्या ओळीला त्यांची पेन्सिल अडखळायला लागली. आता हे उघडं पडणार, हे मला पहिल्या कागदालाच कळलं होतं. गठ्ठा तिथंच टाकून एसटी स्टँड गाठावा असं वाटत होतं, पण मी दुसरं, दुसरं म्हणत राहिले. शेवटून तिसरा कागद उचलला आणि तो हातातच धरून बसले.

“काय झालं मावशी? टिकली पडलीय का?”

“न्हाई. पैलं हाय.”

“चला, एकीचं तरी बरोबर आलं. कितवा नंबर?”

“बारा.”

कागदावर नावं नव्हती, आकडे होते. कुठला आकडा कुणाचा, ती यादी वेगळ्या वहीत होती. बाईंनी वही उघडली. बाराच्या पुढं माझं नाव होतं आणि ते माझ्याच अक्षरात होतं, कारण यादी मीच केली होती.

बाईंनी पहिल्या परीक्षेचे कागद काढून तोच प्रश्न मोजला. मग शांतपणे म्हणाल्या, “आधी चौदा जणींना हे येत होतं. मी शिकवल्यावर एकवीस जणी चुकल्या. सगळ्या एकाच चित्रावर. मावशी, हे कसं झालं?”

कसं झालं ते मला ठाऊक होतं.

माझं माहेर कोरेगावकडचं, सासर कडेगाव तालुक्यातलं. मी चौथी शिकले. सासूच्या हाताखाली बाळंतपणं करायला शिकले आणि तेच करत राहिले. बाई आमच्याकडच्या दवाखान्यात दायांना शिकवायला आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येणारी एक बाई मदतीला हवी होती. बावीस जणींत तशी मी एकटी. बायका गोळा करणं, यादी करणं, हजेरी घेणं हे काम त्यांनी माझ्याकडं दिलं. तेव्हापासून मी जरा ताठच चालायला लागले.

बाकीच्यांना वाचता येत नाही, मग परीक्षा कशी घ्यायची? त्यावर बाईंनीच तोड काढली. एका ओळीत तीन चित्रं, अशा बारा ओळी. बाई प्रश्न तोंडी विचारणार आणि आम्ही बरोबर चित्राखाली टिकली चिकटवायची. पहिल्या परीक्षेला बाई टिकल्यांची पाकिटं वाटायला लागल्या तशा बायका गप्प झाल्या. आमच्यात निम्म्याहून जास्त विधवा, मी धरून. बाईंच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांत म्हातारी दाई पाकीट नुसतं बघत बसली.

“आवं बाई, हे आमच्या हातात कशापायी?”

शेजारची म्हणाली, “घे गं म्हातारे. कागदाला लावायची हाय. कागदाचा नवरा जित्ता हाय.”

सगळ्या एवढ्या हसल्या की दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला आणि बाईंना म्हणाले, “मॅडम, ह्या अडाणी बायका चित्रं बघून शिकणार? सिनेमाचं पोस्टर समजतील.”

बाईंचं तोंड उतरलं. ते माझ्या मनात राहिलं. बाईंवर माया होती म्हणून पुढचं केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. माया होती, खोटं नाही. पण त्याहून जास्त मला मिरवायचं होतं. माझ्या हाताखालच्या बायका पहिल्या आल्या पाहिजेत, डॉक्टरनं बघितलं पाहिजे, असं मला झालं होतं.

दुसरी परीक्षा शिकवून झाल्यावर महिन्यानं होती. बाईंनी चित्रं बदलली होती आणि प्रश्नांचा क्रमही बदलला होता. ऐन परीक्षेच्या दिवशी एसटी चुकली, कागदांचा गठ्ठा राहिला तर पंचाईत, म्हणून त्यांनी तो आठ दिवस आधीच आणून माझ्याकडं ठेवायला दिला. वर दोरा बांधलेला होता. “उघडू नका” असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना तशी शंकाच नव्हती.

मी दोरा सोडला.

कागदावर फक्त चित्रं. प्रश्न बाईंच्या वहीत. तरी चित्रं बघून प्रश्न काय असेल ते मला ओळखता येतं असं वाटलं. ब्लेड उकळणारी बाई, राखेत हात घालणारी बाई, त्यात काय कळायचं आहे? मी बारा उत्तरं ठरवली. परीक्षेच्या आदल्या दुपारी शाळेच्या ओट्यावर बायकांना बसवलं आणि पाठ करून घेतलं. तिसरं, पैलं, पैलं, दुसरं, असं बारापर्यंत. दळताना ओव्या म्हणायची सवय असलेल्या बायका, तीनदा म्हटलं की पक्कं. कशाचं उत्तर ते एकीनंही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नवव्या ओळीत तीन बाया होत्या. पहिली पोटुशी, तोंड आणि पाय सुजलेली. दुसरी बाळाला पाजत बसलेली. तिसरी काटवटीत भाकरी थापत होती. प्रश्न बाळाला लगेच पाजण्याचा असणार, म्हणजे बरोबर ती पाजणारी, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नववा प्रश्न विचारला, “यातल्या कुठल्या बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं?”

एकवीस हात खाली गेले आणि एकवीस टिकल्या पाजणाऱ्या बाईखाली बसल्या. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. मी सगळ्यांच्या मागं बसले होते, मला दिसत होतं. तोंड उघडलं असतं तर चोरी कळली असती. मी गप्प बसले. आणि माझी टिकली मी सुजलेल्या बाईखाली लावली.

बाईंच्या खोलीत मी हे सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“मावशी, या लेखात मी काय लिहिलंय माहीत आहे का? तीन दिवस चित्रं दाखवली की पुरे, जास्त दिवस नको, असं लिहिलंय. हे वाचून कुणी तीन दिवसांत दाया तयार केल्या असत्या. त्या दायांना सुजलेली बाई कळली नसती.”

“माजं चुकलं बाई.”

“माझ्यापाशी काय म्हणता? त्यांना जाऊन सांगा. चुकीचं पाठ करून त्या घरी गेल्यात.”

तसं बघितलं तर आमच्यातल्या बऱ्याच दाया सुजलेल्या बाईला घरी ठेवणाऱ्या नव्हत्या. पण कागद तसं सांगत होता आणि तो मी लिहून घेतला होता.

चार दिवसांनी त्याच ओट्यावर मी बायकांना बोलावलं. ऐकून घेतल्यावर आधी कुणाला कळेचना. मग कागदाच्या नवऱ्यावर बोललेली ती दाई पुढं सरकली.

“मंजे आमाला दुसरं लावाय सांगितलंस आन् आपण पैल्यावर लावलीस?”

“व्हय.”

“आमची नाकं कापून तू शानी झालीस व्हय गं?”



म्हातारी म्हणाली, “म्या इचार करत हुती. म्हटलं, सुजलेल्या बाईला तर मी तुज्या लग्नाच्या आदीपासनं वळखती. एकीला बैलगाडीत घालून विट्याला नेली हुती. पर तू शाळा शिकलेली. म्हटलं, पुस्तकात नवीन आलं आसंल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. तिला येत होतं ते मी पुसलं होतं. एक जण पुटपुटत उठून गेली आणि पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी टिकल्या नव्हत्या. कापडी बाहुली आणि एकेकीला खोलीत बोलावून विचारणं. यादी करायला त्यांनी दवाखान्यातली नर्स घेतली. काही जणींना सगळं आलं, काहींना निम्मंच. मिरवण्यासारखं काही नव्हतं. लेख सगळा नव्यानं लिहावा लागला.

टायपिंगचं काम बाईंनी साताऱ्याला दिलं होतं, त्यांच्या माहेरजवळच्या दुकानात. त्या मला मुद्दाम घेऊन गेल्या. “तुमच्याबद्दल एक ओळ आहे. तुम्ही ऐकल्याशिवाय पाठवणार नाही.”

दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी ती ओळ मराठीत सांगितली. दुसऱ्या परीक्षेआधी सहभागी स्त्रियांनी आपापसांत चर्चा केली असावी, त्यामुळे ते निकाल धरलेले नाहीत.

“आपापसांत न्हाई,” मी म्हणाले.

“असू दे मावशी. एवढ्यानं भागतं.”

“त्या बायकांनी काय केलं न्हाई. चर्चा कसली? गठ्ठा मी उघडला. उत्तरं मी सांगितली. तेच घाला.”

“वाचणारे विचारतील, गठ्ठा तुमच्या हाती कसा गेला. मग माझी चूक निघेल.”

“व्हय, निघंल.”

टायपिस्ट काम थांबवून ऐकत होता. मला वाटलं, आता बाई मला हाकलतील. मग त्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर सांगितलं. प्रश्नपत्रिका संशोधिकेने आधीच एका सहभागी स्त्रीकडे ठेवायला दिल्या, ही संशोधिकेची चूक. त्या स्त्रीला वाचता येत होतं. तिने पत्रिका उघडून इतरांना उत्तरं पाठ करायला लावली.

“नाव घातलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

लेख छापून आला, पण आधी होता त्याच्या निम्माच. एक अंक त्यांनी मला पाठवला. सगळं इंग्रजी, मला एक अक्षर कळत नाही. पण ती ओळ जिथं आहे तिथं बाईंनी समासात पेन्सिलनं खूण केली होती. सुनेनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, बाईंचं काहीतरी आहे, दाया शिकवल्या त्याचं. त्या दिवशीही मला तिला सांगता आलं नाही.

आता लिहून ठेवते. त्या ओळीत जिनं गठ्ठा उघडला असं छापलं आहे, ती बाई मी.