अठरा फुटांतली दोन घरं

घरं बांधणारी चार माणसं एकत्र बसली, की घरांबद्दल कमी आणि घरमालकांबद्दलच जास्त बोलतात. माझ्याकडे तर एकाच प्लॉटचे इतके किस्से जमलेत, की बायको म्हणते, "त्या लकडगंजवाल्यांकडून भाडं घ्या आता. तुमच्या डोक्यातच राहून राहिले ते!"

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नागपुरात, सदरमध्ये, आर्किटेक्ट देशकर सरांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय थंड राहील असं घर बांधायचं, हे सरांचं एकच वेड. लोक ऐकून हसायचे. मग लकडगंजातले, लाकडाचे व्यापारी असलेले दोन भाऊ आले, रामदासभाऊ आणि गोपाळभाऊ. प्लॉट अठरा फूट रुंद आणि लांब मात्र मारुतीच्या शेपटासारखा. त्यात दोघांना दोन घरं हवी होती.

प्लॉट दाखवतानाच धाकटे गोपाळभाऊ म्हणाले, "साहेब, हा प्लॉट हाय का गल्ली?"

"गल्लीच आहे. म्हणून तर हवा वाहील!" सर खुशीत म्हणाले.

*

सरांनी एकामागे एक दोन घरं काढली आणि मधे दोघांचा मिळून एक उघडा चौक. पुढचं घर रस्त्यावर, म्हणून दोघांनाही पुढचंच पाहिजे. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीला दोघांच्या बायकाही आल्या. सरांनी त्यांना नकाशावर मागच्या घराजवळची विहीर आणि कडुनिंबाची सावली दाखवली.

झालं! चौथ्या बैठकीला दोघांनाही मागचंच पाहिजे.

"नकाशा उलटा धरून पाहू का?" सरांनी विचारलं. शेवटी भावांच्या आईने चिठ्ठ्या टाकल्या आणि मागचं घर गोपाळभाऊंना गेलं.

*

हवा कुठून कुठे जाते ते सर उदबत्तीच्या धुरावरून बघायचे. भिंती वर आल्यावर एकदा ते पेटती उदबत्ती घेऊन, डोळे बारीक करून कोपऱ्यात उभे राहिले. तेवढ्यात भावांची आई आली. तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून सरांच्या मागे उभी राहिली. तिला बघून गवंडीही घमेली खाली ठेवून उभे राहिले.

मग आईने हळूच विचारलं, "कोनत्या देवाची पूजा करून राहिले जी?"

सर धुराकडेच बघत म्हणाले, "वायुदेवाची. पण तो अजून आला नाही!"

*

उन्हाची धग आत येऊ नये म्हणून पश्चिमेची भिंत सरांनी दुहेरी घेतली, मधे पोकळी ठेवून. गोपाळभाऊंनी वरून डोकावून पाहिलं आणि तडक ऑफिस गाठलं.

"भिंत भरलीच नाही! गवंडी विटा खाऊन राहिला, साहेब!"

सरांनी टेबलावरच्या थर्मासमधून त्यांना वाफाळता चहा दिला. "सकाळचा आहे. सांगा, या थर्मासच्या भिंतीत किती विटा भरल्यात?"

गोपाळभाऊंनी चहा संपवला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पण थर्मासले झाकण रायते, साहेब. तुमच्या चौकाले कुठं हाय?"



*

चौकावरूनच पुढे अडलं. एवढी जागा उघडी टाकणं म्हणजे वेडेपणा, वर पत्रे टाकले तर एक खोली निघेल, असं गोपाळभाऊंचं म्हणणं. सर म्हणायचे, गरम हवा वर निघून जायला तेवढीच वाट आहे, ती बुजवली तर घराचा गळाच दाबला. रामदासभाऊंनी तोड काढली. राहायला जाऊ, नवतपा येऊ द्या. मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत घर तापलं, तर पत्रे टाकायचे. सरांच्या आयुष्यभराच्या वेडाचा निकाल लागणार होता, आणि मला त्यांची फार काळजी वाटत होती.

नवतप्यातल्या एका दुपारी आम्ही धास्तावूनच तिथे गेलो. दारात पत्र्यांनी भरलेला ठेला उभा! सरांचा चेहरा उतरला.

ठेलेवाला घाम पुसत म्हणाला, "शेठ म्हणे, जेवून जरा अंदर पाहतो, मंग सांगतो. कवाचे गेले, येऊनच नाही राहिले."

आम्ही आत गेलो. चौकालगतच्या खोलीत, उघड्या फरशीवर, गोपाळभाऊ गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते. ठेलेवाल्याने दारातूनच हाक मारली, "शेठ, पत्रे उतरवू का जी?"

गोपाळभाऊंनी डोळे न उघडताच कूस बदलली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "अवं, चादर दे वं एखादी!"