फुगडी घालून घेतलेली सँडल

भाईंदरच्या चपलांच्या दुकानात ती बाई मला एकदाच भेटली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहिणीच्या लग्नासाठी मी उंच टाचांची सोनेरी चप्पल घालून आरशासमोर मिरवत होते. शेजारी ती, जरीच्या पट्ट्यांची, रुंद टाचेची सँडल घालून चक्क उड्या मारत होती.

"उभ्या उभ्या कुठलीही चप्पल गोडच वाटते गं," ती म्हणाली. पदर खोचून तिने माझे हात धरले. "चल, फुगडी!"

दुसऱ्याच गिरकीला माझी चप्पल उडून शेठच्या गल्ल्यावर. तिची सँडल जागची हलली नाही.

"बहनजी, ये दुकान है!"

"अच्छा हुआ ना शेठ! शादी में उडती तो दूल्हे को लगती!"

मी तिच्यासारखीच घेतली. आजही दुकानात शिरले की चपला नंतर बघते. आधी फुगडीला कोण मिळतंय ते शोधते.