सर्व हक्क प्रकाशकाधीन

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टीव्हीवर आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारावरून वाद पेटला होता. "गरीब मुलांनी वाचायचं कसं?" असं एक नेते विचारत होते. दुसरे तावातावाने म्हणत होते, "लेखकाच्या घामाची चोरी थांबलीच पाहिजे!"

माझ्या पुढच्या मुलीने काउंटरवर लायब्ररीचं एक जुनं पुस्तक ठेवलं. ते माझंच होतं. बाजारात ते आता कुठेच मिळत नाही.

"काका, अख्खं काढून द्या ना. उद्या परत करायचंय."

"अख्खी पुस्तकं बंद केलीत, ताई. ते बघताय ना टीव्हीवर? उगाच लफडं नको."

न राहवून मी म्हणालो, "काढा हो. मीच लिहिलंय ते."

दुकानदाराने पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. सर्व हक्क प्रकाशकाधीन. त्या प्रकाशनाला कुलूप लागून कितीतरी वर्षं झाली. आता परवानगी मागायची तरी कुणाकडे?

लिहिताना वाटायचं, हे कुणाच्या तरी हाती पडावं, बस. हाती पडलेलं कुणी हिरावून घ्यावं, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मुलीने पुस्तक तसंच पिशवीत घातलं आणि ती निघून गेली. वर टीव्हीवर ते दुसरे नेते अजून लेखकासाठी घसा फोडत होते. इतक्या तळमळीने माझी बाजू आजवर कुणीच घेतली नव्हती.