खांबावर लावलेली लेन्स

माझी मुलगी तीन वर्षं शाळेच्या खो-खो संघात होती आणि शाळेच्या अल्बममध्ये तिची फक्त पाठ होती. दोन वेण्या, पाठीवर नंबर, आणि समोर हसून हात मिळवणारे पाहुणे. पाहुणे आले की चालू सामना थांबवायचा, मुलींना रांगेत उभं करायचं, ओळख करून द्यायची, ही रीत. फोटो त्या वेळचेच. खेळ सुरू झाला की फोटोग्राफर चहाला. मी शाळेत खो-खो खेळायचे तेव्हा मराठवाड्यातही हेच होतं. माझीही पाठच आहे कुठल्यातरी भिंतीवर, असली तर. पोरगी दहावीत गेली, शेवटचा सामना जवळ आला, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, एक तरी फोटो तिच्या खेळाचा निघाला पाहिजे. मी काढणार.

कॅमेरा घरात होता. भावाने आखातातून येताना आणलेला, साध्या लेन्सचा. त्यातून मैदानावरच्या मुली तिळाएवढ्या दिसायच्या, म्हणून त्याला दुसरी लेन्स आणायचं ठरवलं. यजमान म्हणाले, बटण दाबायचा छोटा कॅमेरा घे, तुला हे झेपायचं नाही. झेपायचं नाही हे मला सांगितलं की ते काम झालंच समजा.

केबिन रोडवरच्या स्टुडिओत गेले. दुकानदार म्हणजे शाळेचे फोटो काढणारा तोच गुजराती गृहस्थ. त्याने लांबलचक झूम लेन्स काढली, प्रेसवाले हीच वापरतात म्हणाला. किंमत ऐकून मी आधी खुर्चीवर बसले. मग डोळा लावून दुकानाच्या आतल्या कोपऱ्याकडे पाहिलं, तर सगळं अंधुक. आमच्या मुलींचे सामने संध्याकाळी असायचे. उजेडच पोचणार नसेल तर त्या लांबीचं काय लोणचं घालायचंय? शोकेसच्या तळाला एक जुनी लेन्स पडली होती. झूम नाही, कडेचा रंग उडालेला, फोकस हाताने फिरवायचा. पण तोंड रुंद होतं आणि आतून तोच कोपरा लख्ख दिसत होता. माझ्या आवाक्यातलीही होती. दुकानदार हसला. मुलगी पळायला लागली की रिंग कशी फिरवणार, सगळे फोटो हललेले येतील, मग माझ्याकडे भांडायला येऊ नका, असं त्याने आधीच बजावलं.

"भागने दो," मी म्हटलं. "खंबे पे तो आएगी."

त्याला ते कळलं नाही. खो-खोत पाठलाग करणारीला मध्येच मागे वळता येत नाही. वळायचं तर खांब गाठावाच लागतो. बारा वर्षांची असल्यापासून मला हे पायांना पाठ आहे. मुलीच्या मागे लेन्स फिरवायची गरजच काय? खांबावर लावायची आणि वाट बघायची.

सामना मुर्ध्याच्या मैदानावर होता. मी फोकस खांबावर आणला आणि रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी मारली. क्रीडाशिक्षक दोनदा येऊन सांगून गेले, की बायकांसाठी मंडपात खुर्च्या ठेवल्यात. मी साडी खोचून रेषेबाहेर मातीत बसले ती उठलेच नाही. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत.

पाहुणे उशिरा आले. सामना थांबला, रांग लागली, स्टुडिओवाल्याने मुलींच्या पाठी टिपल्या. खेळ परत सुरू झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. "अब लाइट नहीं है, बहनजी," म्हणत त्याने कॅमेरा पिशवीत टाकला. माझ्या लेन्समध्ये उजेड अजून होता. मी अख्खा रोल संपवला.

सामना आम्ही हरलो. मुलगी घरी येऊन जेवली नाही.

फोटो धुऊन आले तर बहुतेकांत नुसता खांब. काहींत धूळ, एकात कुणाचं तरी ढोपर. यजमान एकेक फोटो बघून पुढे सरकवत होते, आणि एकावर थांबले. मुलगी खांबाला एका हाताने धरून आडवी झेपावली होती, दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीला टेकलेली, आणि दोन्ही पाय हवेत. चेहरा तर इतका रागीट, की मी घरी कधी पाहिला नव्हता.

एक प्रत मी मुख्याध्यापकांना नेऊन दिली, अल्बमसाठी. फोटो छान आहे म्हणाले, पण पाहुणे कुठे दिसत नाहीत यात.

"आहेत की, सर," मी म्हटलं. "तो मागचा पांढरा डाग."

त्यांनी फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. अल्बममध्ये तो कधीच लागला नाही. गेला उडत त्यांचा अल्बम. माझा फोटो घरात, दारासमोरच्या भिंतीवर लागला, येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा.

लावण्याआधी मुलीने तो हातात घेतला. तिने स्वतःला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

"आई, मी अशी खेळते?"

"अशीच," मी म्हटलं. "मीसुद्धा अशीच खेळायचे. पण ते तुला माझ्या शब्दावर मानावं लागेल."