होळीतल्या वायरी

बेल्ह्याच्या रस्त्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, बंद पडलेले स्टार्टर, कुणाचा जुना टीव्ही, सगळं माझ्याकडे येतं. तांब्याला भाव चांगला, पण वायरीवरचं प्लास्टिक सोलत कोण बसणार? मी दुकानामागे ढीग पेटवायचो आणि राखेतून तांबं वेचायचो. धुराबद्दल कुणी बोललंच तर म्हणायचो, वारा शेताकडे जातोय. वारा खरंच कुठे जातो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी होळीला मला शक्कल सुचली. गावाची होळी पेटणारच आहे, मग वेगळा जाळ कशाला? दुपारी गोवऱ्या रचायला मीच पुढे. दोन गोण्या वायरी आणि सर्किटच्या हिरव्या पट्ट्या तळाशी सरकवल्या. संध्याकाळी होळी पेटली, बोंबा मारून झाल्या, नैवेद्याची पोळी पडली. जाळ मधूनच हिरवा झाला तेव्हा पोरं खूश झाली. मीही खूशच होतो.

सकाळी घमेलं घेऊन गेलो, तर बायका माझ्याआधी तिथे. आमच्याकडे धुळवडीला होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून लेकरांना अंघोळ घालतात, राख अंगाला लावतात. उन्हाळा बाधत नाही म्हणून. हे मला लहानपणापासून ठाऊक. आदल्या दिवशी मात्र डोक्यात नुसतं तांबं होतं. माझी बायको आमच्या दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या चिमटीत राख होती.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. मी बायकोचा हात धरला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की राख लावू नका, पाणी ओतून द्या, मी खाली वायरी घातल्यात, राखेत विष उतरलंय. एका म्हातारीने हंडा उपडा केला आणि माझ्याकडे न बघता ती निघून गेली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बायको चिडली नाही. चिमटीतली राख झटकून तिने एवढंच विचारलं, "आन दुकानामागं वरीसभर जाळता, त्येचं काय?"

आमचं घर दुकानामागेच आहे. लेकीची झोळी त्या जाळाकडच्या खिडकीशी असायची.

आता मी वायरी चाकूने सोलतो. बोटं कापतात, वेळ जातो. सोललेलं प्लास्टिक आणि पट्ट्या गोणीत भरून जुन्नरला, असलं भंगार न जाळता रीतसर घेणाऱ्या माणसाकडे पोचवतो. होळीच्या गोवऱ्या रचायला अजूनही जातो. पेटवण्याआधी ती म्हातारी येते, काठीने तळ ढवळून बघते, आणि तिचं बघून होईपर्यंत मी बाजूला उभा राहतो.