पाच चर्च, एक बोट

हे किस्से मी हौसेने जमवले नाहीत. बेटावर बोट यायला उशीर होतो, धक्क्यावर बसलेली माणसं बोलत राहतात, आणि ऐकणाऱ्याला दुसरं कामही नसतं. आता अमरावतीला परत येऊन रिटायर झालोय. संध्याकाळी बबनच्या भाजीच्या दुकानापुढे स्टुलावर टेकलो की तो म्हणतो, "सांग बे जोसफ, तुह्या बेटाचं काही." धामणगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्याच्यासाठी मी कधी फादर झालोच नाही.

दमलोय खरं. पण सांगतो.

*

आमचा धर्मप्रांत म्हणजे पाच चर्च आणि एक बोट. बोट बहुतेक दुरुस्तीला. बिशप एकदा म्हणाले, "फादर, आपला इतिहास कुणीच लिहिला नाही. तुम्ही लिहा."

"कुठपासून लिहू?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आठवणारं माणूस जिथवर जिवंत आहे, तिथपासून. आणि जरा लवकर करा."

*

सगळ्यात जुना माणूस इग्नेशियस. त्याच्या वडिलांना रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला आणलं होतं. तो सांगायचा, पहिल्या चर्चचं दार धक्क्याकडे होतं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना बोटीचा भोंगा वाजला की सगळ्या माना मागे. टपाल, तांदूळ, घरची माणसं, सगळं त्याच बोटीने यायचं. पहिले फादर ओरडून ओरडून थकले. शेवटी त्यांनी दार उलट्या बाजूला काढलं, वेदी धक्क्याकडे आणली आणि तिच्यामागे मोठी खिडकी ठेवली.

"उसके बाद सब सामने देखते थे," इग्नेशियस म्हणाला. "बिशप लोग बहुत खुश."

*

एकदा पोरांचा बाप्तिस्मा पक्का करणारा दृढीकरणाचा संस्कार द्यायला बिशप लांबच्या बेटावर निघाले. पोरं नवे कपडे घालून धक्क्यावर उभी. समुद्र इतका खवळलेला की बोट लागेना. बिशप कठड्याला धरून ओकत होते. मध्येच त्यांनी एक हात वर केला. धक्क्यावरचं अख्खं गाव गुडघ्यांवर आलं. बोट परत फिरली.

तो आशीर्वाद होता की 'मला उतरवा' होतं, यावर त्या गावात अजून दोन गट आहेत. मी बिशपांनाच विचारलं. म्हणाले, "मलाही आठवत नाही."

*

आई तेव्हा धामणगावलाच, माझ्या भावाकडे. काळ्या मातीबाहेर ती कधी गेली नव्हती. फोनवर तिने विचारलं, "समुद्र तुह्या घरापासून किती दूर हाय रे?"

"चारी बाजूंनी आहे, आई."

"मंग तू पाय कुठी ठेवत असशीन रे?"

बबन यावर दरवेळी हसतो. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

*

त्सुनामीच्या त्या मोठ्या लाटेबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं. लाट रविवारी सकाळी आली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मिस्सा चालू असताना. एका बेटावरचं चर्च गेलं, तिथले फादर गेले, निम्मं गाव गेलं. उरलेल्यांना टेकडीवर पत्र्याची घरं मिळाली, आणि पत्र्याचंच चर्च.

मी तिथे ॲग्नेसबाईंकडे गेलो. त्यांचा नवरा आणि मुलगी लाटेत गेले होते. मी वही बाहेर काढली नाही. त्या म्हणाल्या, "फादर, उस दिन का मिस्सा पूरा माना जाएगा कि नहीं?"

लाट आली तेव्हा मिस्सा कुठवर झाली होती, तेवढं मी त्यांच्याकडून ऐकून घेतलं. परत येऊन बिशपांना सांगितलं.

"कुठवर झाली होती?" त्यांनी विचारलं.

"अर्पणापर्यंत. अर्पणाची केळ्यांची टोपली घेऊन ॲग्नेसबाईच वेदीकडे निघाल्या होत्या."

पुढच्या बोटीने आम्ही दोघं गेलो. रविवारी टेकडीवरचं चर्च भरलं. लोक मिस्सेच्या सुरुवातीची क्रुसाची खूण करायला उभे राहिले. बिशपांनी ती केली नाही. अर्पणाआधीची वाचनं नाहीत, प्रवचन नाही. वेदीपुढे येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच उभे राहिले.

कुणी हललं नाही.

मग मागच्या बाकावरून ॲग्नेसबाई उठल्या. अर्पणाची टोपली दाराशी ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली आणि चालायला लागल्या.