वाघमारे सिस्टर आणि राहिलेला धडा

वाघमारे सिस्टर कुणालाही ‘उद्या ये’ म्हणत नसत. जेवणाचा डबा उघडलेला असला तरी घास तसाच ठेवून, हात धुऊन उठायच्या. आरोग्य उपकेंद्राला कुलूप लावून त्या मुदखेडची बस गाठायला निघाल्या आणि वाटेत एखादी पोर दबकत आडवी आली, की मागे फिरायच्या आणि कुलूप पुन्हा उघडायच्या. “गाडी दुसरी येती सर, पोरगी दुसऱ्यांदा येत न्हाई,” म्हणायच्या. गावाला वाटायचं, बाईचा स्वभावच तसा. पण हा स्वभाव जन्माचा नव्हता. तो केव्हा आणि कशामुळे जडला हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आमची शाळा आणि उपकेंद्र यांच्यामध्ये एकच भिंत. मी दहावीला विज्ञान शिकवतो. सिस्टर मूळच्या उदगीरकडच्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा, की त्या पलीकडे बायकांना ओरडू लागल्या की माझ्या वर्गाला फुकटात ऐकू यायचं. मुलींना लोहाच्या गोळ्या वाटायला त्या शाळेत आल्या, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “सर, प्रजननाचा धडा तुम्ही शिकवता का सोडता?”

मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर सोडत होतो. माझ्या सरांनीही तो आम्हाला शिकवला नव्हता. त्या धड्यापाशी आलं, की “हा घरी वाचा, सोपा आहे” म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं, ही आमची रीतच. मुली मान खाली घालून बसायच्या, मुलं बाकाखाली एकमेकांना लाथा मारायची आणि मास्तर सुटायचा.

सिस्टरांनी एक तास मागितला. गर्भ कसा राहतो, राहू नये म्हणून काय असतं, हे मुलामुलींना सरळ सांगायचं होतं त्यांना. मुख्याध्यापक म्हणाले, “रक्तवाढीवर बोला की, बाकीचं कशाला? गाव लहान आहे.” मी मान डोलावली, आणि वर “पुढच्या वर्षी बघू” अशी जोडही दिली. सिस्टर चिडल्या नाहीत. काखेतली जाडजूड नोंदवही माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “ह्याच्यात गावातल्या समद्या जोडप्यांची नावं हायेत. कोण गोळ्या घेतं, कोणाचं आपरेशन झालं, समदं. पर लगीन झाल्याबिगर पोरीचं नाव ह्याच्यात येत न्हाई. आन् कवा कवा नाव येतं तवर उशीर झालेला असतो.”

त्याच हिवाळ्यात पूजाचं झालं. दहावीतली मुलगी, पहिल्या बाकावरची, प्रश्न विचारताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. सहामाहीनंतर अचानक गप्प झाली. जानेवारीत तिची शाळा सुटली, आणि आठवड्याभरात कळलं, की देगलूरच्या पुढे, सीमेपलीकडच्या एका गावात घाईघाईने लग्न लावून दिलं. तिला दिवस गेले होते, पण तो मुलगा कोण हे कुणी बोललं नाही. तो गावातच राहिला, परीक्षेलाही बसला. पूजाचं हॉल तिकीट माझ्या कपाटात पडून राहिलं. उन्हाळ्यात बातमी आली. आठव्या महिन्यात झटके आले, दवाखाना लांब, वाटेतच गेली. सोळा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर शाळेत आल्या. सुट्टी होती, मी एकटाच निकालाची कामं करत बसलो होतो. त्या खुर्चीवर न बसता दाराला टेकून उभ्या राहिल्या.

“सर, ती माझ्याकडं आली व्हती,” त्या म्हणाल्या. “लसीकरणाचा दिवस. तीस-चाळीस लेकरं रडून राहिलेली, ओसरीवर बायाच बाया. ही खांबाआड उभी. म्हनली, सिस्टर, एक इचारायचं हाय. मला वाटलं, एवढ्या बायांत कशाला, कान टवकारून बसलेल्या समद्या. म्हनलं, उद्या ये बाई, निवांत बोलू. अन् दुसऱ्या दिवशी मलाच मीटिंगला बोलावलं. समोरचा दुकानदार सांगतो, पोरगी कुलपासमोर पायरीवर लई टाईम बसली व्हती.”

हे सांगताना त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कारण पूजा आधी माझ्याकडे आली होती. तास संपल्यावर पुस्तक छातीशी धरून म्हणाली होती, “सर, त्या धड्यातलं एक समजंना.” मी खडू झटकत, तिच्याकडे न बघता म्हटलं होतं, “घरी वाच. परीक्षेला फारसं येत नाही त्यावर.” हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. बाई सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन गेली आणि मी तो जाऊ दिला. भेकड होतो, दुसरा शब्द नाही.

जूनमध्ये मी मुख्याध्यापकांना न विचारता सिस्टरांना वर्गात नेलं. मुली एकीकडे नेऊ का, म्हटलं तर त्या उसळल्या, “पोट पोरीचं असलं तरी करणी दोघांची हाय सर! पोरं बी बसू द्या.” पहिल्या दिवशी मुलं खिदळली. सिस्टरांनी निरोधचं पाकीट सर्वात जास्त हसणाऱ्याच्या हातात दिलं आणि मागची तारीख मोठ्याने वाचायला लावली. “दुधाच्या पिशवीवरची बघता न? मग ही बी बघायची.” वर्ग गार झाला. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाळीपासून गोळ्यांपर्यंत, ‘नाही’ म्हणण्यापासून पाळी चुकली तर कुणाकडे जायचं इथपर्यंत. “लाजंनं पोट झाकत न्हाई लेकरांनो. भ्या वाटलं तरी इचारा. मी रागावणार न्हाई, गावभर करणार न्हाई.” चार पालक भांडायला आले, पोरी बिघडवता म्हणाले. सिस्टरांनी त्यांना चहा पाजला आणि पूजाचं नाव घेतलं. त्यानंतर कुणी आलं नाही. सहा वर्षं आम्ही दोघांनी तो धडा मिळून शिकवला.

मागच्या साली त्या आजारी पडल्या. लातूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर खाटेवर ओळखू येईनात, एवढ्याशा झाल्या होत्या. मला पाहून पहिला प्रश्न, “औंदा धडा झाला का?”

“तुम्ही बऱ्या झालात की घेऊ.”

“माझ्यासाठी थांबू नका. पोरी थांबत न्हाईत.”

मग मात्र मला राहवेना. म्हटलं, “सिस्टर, पूजा आधी माझ्याकडे आली होती. मी तिला...”

“घरी वाच म्हनला,” त्यांनी वाक्य पुरं केलं. “ठाऊक हाय. खांबाआड उभी राहून तिनंच सांगितलं. सरला इचारलं तर घरी वाच म्हनले, म्हनून तुमच्याकडं आले.”

इतकी वर्षं एका फळ्यापुढे उभे होतो आम्ही. “मग मला कधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही शिकवायला लागला व्हता न,” त्या डोळे मिटून म्हणाल्या. “बोलले असते तर तुम्ही तोंड चुकवलं असतं. मला तुमची माफी नको व्हती, वर्ग पाहिजे व्हता.”

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी धडा घेतला, एकट्याने. त्यानंतर तीन दिवसांनी सिस्टर गेल्या. उदगीरला माती देऊन आलो आणि सोमवारी पुन्हा त्याच वर्गात उभा राहिलो. तास कसाबसा संपला, घंटा झाली, मुलं बाहेर पळाली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी मागे राहिली. पुस्तक छातीशी धरलेलं.

“सर, एक इचारायचं व्हतं. पर तुमचा तास संपला न. उद्या इचारू का?”

पलीकडे उपकेंद्राला कुलूप होतं. नवीन सिस्टर अजून आल्या नव्हत्या. मी दार उघडंच ठेवलं, खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, “नाही. आत्ताच विचार.”